डाव्या हाताची मूठ

पिस्तूल म्हटले की मला बँकेत आलेल्या धमक्यांची निनावी पत्रे आठवतात. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात नातीने देऊळगाव राजाला आल्या आल्या पिशवीतून एक पिस्तूल काढून जेवणाच्या टेबलावर ठेवले, तेव्हा मी खुर्ची मागे सरकवली.

"आबा, घाबरू नका. हवेचं आहे," ती म्हणाली. आधी तिने त्यात छर्रा नसल्याची खात्री केली, हवेची नळी सोडवून बाजूला ठेवली आणि मगच मला हात लावू दिला. ही शिस्त मला आवडली.

ती छत्रपती संभाजीनगरला नेमबाजी शिकते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकले, २०२४मध्ये पॅरिसला स्वप्निल कुसाळेने रायफलमध्ये कांस्य मिळवले. तेव्हापासून अशा मुलींच्या घरी आईबापांना फार समजावावे लागत नाही. अडचण असते ती पैशांची. हे पिस्तूल जुने घेतलेले. त्याची लाकडी मूठ उजव्या हाताची, आणि आमची नात डावखुरी.

बाहेरच्याला वाटेल, मूठच ती, धरावी कशीही. पण दहा मीटरवरच्या लक्ष्यातले दहा गुणांचे वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचे, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढे. घोडा ओढायला निदान अर्धा किलोचा दाब लागतो. मूठ हाताशी भांडत असेल तर बोटे आवळतात, मनगट किंचित फिरते आणि छर्रा बटण सोडून जातो. "उजव्या हातानं शिक, असं एकजण म्हणाले," ती सहज बोलून गेली.

हे वाक्य मी साठ वर्षांपूर्वी ऐकले होते, पट्टीसकट. मीही डावखुरा. शाळेत डाव्या हाताने पाटीवर अक्षर काढले की बोटांवर पट्टी बसे. दुसरीच्या अखेरीस मी उजव्या हाताने लिहू लागलो आणि घरी पेढे वाटले गेले. पुढे बँकेत अधिकारी झालो. नमुन्याशी सही जुळत नाही म्हणून शेतकऱ्यांचे चेक परत करणारा मी, पण माझी स्वतःची सही दोनदा सारखी आली नाही. उसन्या हाताची सही ती.

कारोली टाकाच हा हंगेरीचा सैनिक. १९३८ साली हातबॉम्ब फुटून त्याचा उजवा हात निकामी झाला. त्याने डाव्या हाताने नेमबाजी शिकली आणि १९४८ला लंडनमध्ये, १९५२ला हेलसिंकीत ऑलिंपिक सुवर्ण जिंकले. त्याला हात बदलणे भागच होते. माझ्या नातीला का भाग पडावे?

आम्ही ओळखीच्या सुतार मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पिस्तुलाकडे पाहिले आणि हात मागे घेतला. मागे एक परवानाधारक गृहस्थ खरे पिस्तूल घेऊन आले होते. दस्त्यात मॅगझिन जिथून आत सरकते, त्या तोंडाला नरसाळ्यासारखी कड बसवून हवी होती, म्हणजे घाईत मॅगझिन चुकत नाही. त्यासाठी दस्ता आतून घासायचा होता. मिस्त्रींनी नकार दिला. "सायेब, लाकूड माझं, लोखंड सरकारचं." १९५९च्या शस्त्र कायद्याचे पाचवे कलम याहून सोप्या भाषेत मी ऐकलेले नाही. बंदुकीत फेरफार किंवा दुरुस्ती करायची तर करणाऱ्याकडेही परवाना लागतो. मालकाचा परवाना पुरत नाही.

आमचे काम लाकडाचेच होते. मूठ एका स्क्रूवर बसलेली. ती सोडवून दिली, पिस्तूल पिशवीत गेले. मिस्त्रींनी शिसवीचा तुकडा घेतला, जुन्या मुठीची आरशातल्यासारखी उलटी प्रत ढोबळ कोरली. मग नातीच्या तळव्याला गेरू लावला आणि म्हणाले, "धर बाई, नेहमी धरतीस तशी." जिथे लाल डाग उमटला तिथे लाकूड टोचत होते. तेवढेच कानसायचे. पुन्हा गेरू, पुन्हा कानस. कुठे जास्त घासले गेले तर भुसा आणि गोंद कालवून भरायचे. नियमही पाळायचे होते. मुठीने हाताला वेढा घालता कामा नये, आणि सगळे पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे. मिस्त्रींनी पुठ्ठ्याची पेटीच करून ठेवली.

तीन संध्याकाळी गेल्या. अश्विनातल्या बालाजीच्या यात्रेत लाकडी लाटांचा मंडप उभा राहताना माना वर करून पाहणारे आम्ही, एवढ्याशा लाकडावर माना खाली घालून बसलो होतो. तिसऱ्या दिवशी तळव्याचा रंग सगळीकडे सारखा, फिकट उमटला. नातीने डोळे मिटून हात पुढे केला, मग उघडले. दोन्ही साइट एका रेषेत होत्या. ती काही बोलली नाही, नुसती हसली.

मिस्त्रींनी मजुरी सांगितली आणि मूठ माझ्यापुढे धरली. "तुम्ही बी डावरेच ना सायेब? बघा धरून."

मी डाव्या हातात धरली. अंगठा भलतीकडे गेला, करंगळी बाहेर राहिली. मला ती अजिबात बसली नाही.

बसणार कशी? ती तिच्या हाताची होती.