जॅझ व पॉप संगीताच्या अध्यापनाचे पदवीशिक्षण : उगम, स्वरूप आणि काही प्रश्न

प्रस्तावना :

युरोप व अमेरिकेतील अनेक संगीत महाविद्यालयांतून जॅझ व पॉप संगीताच्या अध्यापनाची पदवी आज घेता येते. रंगमंचावर नाव मिळवू पाहणारा कलावंत तयार करणे हा या पदवीचा मुख्य हेतू नाही. संगीतशाळेत मुलांना व प्रौढांना गिटार, सॅक्सोफोन, ड्रम्स किंवा गायन शिकवणारा शिक्षक घडवणे, हा तो हेतू होय. येथे एक विसंगती सहज लक्षात येते. जॅझ हे नृत्यगृहांत, मद्यगृहांत, मिरवणुकींत आणि पुढे ध्वनिमुद्रिकांच्या आधारे कानाने शिकले गेलेले संगीत आहे. ज्यांनी ते घडवले, त्यांपैकी बहुतेकांना असा कोणताही पाठ्यक्रम उपलब्ध नव्हता. मग ते शिकवण्यासाठी पदवीची गरज का भासली, आणि ती पदवी नेमके काय शिकवते?

हा प्रश्न मराठी अभ्यासकाला अपरिचित नाही. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि संगीताचे शिक्षक तयार करण्यासाठी उपदेशक वर्गही चालवला. भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली लखनौला संगीत महाविद्यालय उभे राहिले. घराण्यातील तालीम आणि वर्गातील शिक्षण यांचा मेळ कसा घालावा, हा वाद आपल्याकडे शंभर वर्षे चालू आहे. प्रस्तुत लेखात त्याच प्रकारच्या वादाचा पाश्चात्त्य जॅझ व पॉप संगीताच्या संदर्भात परामर्श घेतला आहे.

फ्रँकफुर्टचा वर्ग :

जॅझचे शिक्षण प्रथम अमेरिकेत सुरू झाले असावे, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात जॅझचा पहिला औपचारिक वर्ग जर्मनीत, फ्रँकफुर्टच्या होख कॉन्झर्वेटरीत, १९२८ च्या जानेवारीत भरला. संचालक बर्नहार्ड झेक्लेस यांनी आदल्या वर्षी त्याची घोषणा करताच वृत्तपत्रांतून टीकेची झोड उठली. वर्गाची जबाबदारी माट्याश झायबर या हंगेरियन संगीतकाराकडे देण्यात आली. कोडाय यांचा हा शिष्य तेव्हा अवघा बावीस वर्षांचा होता. प्रवासी जहाजावरील वाद्यवृंदात चेलो वाजवण्याचा अनुभव त्याच्या गाठीशी होता. झायबर यांनी १९२९ साली जॅझ तालवाद्यांच्या वादनावर पद्धतशीर पाठ्यपुस्तक लिहिले, ही बाब अध्यापनशास्त्राच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. कारण त्यातून ड्रमवादकाच्या हातात जे होते ते पायरीपायरीने मांडण्याचा प्रयत्न झाला.

हा प्रयोग पाच वर्षेच टिकला. १९३३ साली नाझी सत्तेवर आले, झेक्लेस व झायबर या दोघाही ज्यू शिक्षकांना पदच्युत करण्यात आले आणि वर्ग बंद पडला. झायबर पुढे इंग्लंडला गेले व तेथे नामवंत शिक्षक ठरले.

डेंटन : एक प्रबंधिका आणि तिची मर्यादा :

अमेरिकेतील आरंभ अधिक विचार करायला लावणारा आहे. टेक्सास राज्यातील डेंटन येथील नॉर्थ टेक्सास स्टेट टीचर्स कॉलेज या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात १९४७ साली जॅझची पहिली पदवी सुरू झाली. तिच्या मुळाशी एका विद्यार्थ्याची पदव्युत्तर प्रबंधिका होती. जीन हॉल यांनी १९४४ साली महाविद्यालयीन स्तरावर नृत्यसंगीत शिकवण्यासाठी पाठ्यक्रम कसा असावा, या विषयावर ती लिहिली होती. आपल्याकडे प्रबंधिका ग्रंथालयाच्या कपाटात विसावतात. हॉल यांची प्रबंधिका तीन वर्षांत विभाग होऊन उभी राहिली आणि विभागाची धुराही त्यांच्याकडेच आली. 'जॅझ' हा शब्द मात्र प्रतिष्ठित नव्हता. म्हणून पदवीच्या नावात 'डान्स बँड' असा सौम्य शब्द योजण्यात आला.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. या महाविद्यालयात त्या वेळी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेशच नव्हता. संशोधन स्तरावर तो १९५४ साली आणि पदवी स्तरावर, न्यायालयीन लढ्यानंतर, १९५६ साली मिळाला. म्हणजे ज्या समाजाने हे संगीत निर्माण केले, त्याच समाजाच्या मुलांना त्या संगीताच्या पहिल्या पदवीसाठी जवळजवळ दशकभर दार बंद होते. जॅझशिक्षणाच्या इतिहासात ही नोंद तळटीपेत टाकून पुढे जाता येणार नाही. पाठ्यक्रमात काय आले, काय गळले आणि शिक्षक म्हणून कोण उभे राहिले, यावर तिचे सावट पुढेही राहिले.

यानंतरचा विस्तार वेगाने झाला. बोस्टनमध्ये लॉरेन्स बर्क यांनी १९४५ साली काढलेल्या शाळेचे पुढे बर्कली महाविद्यालय झाले आणि तेथून १९६६ साली पहिले पदवीधर बाहेर पडले. ऑस्ट्रियात ग्राट्स येथील संगीत अकादमीने १९६५ साली जॅझची संस्था स्थापन केली. स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथे १९६७ साली जॅझ शाळा सुरू झाली.

शिक्षकाचा स्वतंत्र विचार :

वरील संस्थांचा भर प्रामुख्याने वादक घडवण्यावर होता. शाळेतील संगीतशिक्षकाचा प्रश्न निराळा होता. १९६७ साली अमेरिकेत टँगलवूड येथे झालेल्या परिसंवादाने सर्व काळांतील व सर्व प्रकारचे संगीत, तरुणांचे लोकप्रिय संगीतही, अभ्यासक्रमात यावे असा आग्रह धरला. ठराव करणे सोपे होते; शिकवणारा कोठून आणायचा, हा पेच होता. अभिजात पियानोवादनाची पदवी घेतलेला शिक्षक वर्गात इलेक्ट्रिक गिटार घेऊन आलेल्या चौदा वर्षांच्या मुलापुढे निरुत्तर होत असे.

या पेचाला स्वीडनने सर्वांत धीट उत्तर दिले. गोथेनबर्ग येथे १९७१ साली संगीतशिक्षकांसाठी एक प्रायोगिक प्रशिक्षणक्रम सुरू झाला. त्याच्या उभारणीत संगीतशास्त्रज्ञ यान लिंग यांचा मोठा वाटा होता. जॅझ, लोकसंगीत व पॉप या परंपरांत वाढलेल्या वादकांना शिक्षक म्हणून घडवणे हा त्याचा गाभा होता. अभिजात संगीताच्या शिक्षकाला थोडे पॉप शिकवण्याऐवजी पॉपच्या वादकाला अध्यापन शिकवावे, ही दिशाच नवी होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमधील संगीतशिक्षक-प्रशिक्षणाची पुनर्रचना झाली, तेव्हा या प्रयोगाचा अनुभव आधारभूत ठरला.

पदवीचे आजचे स्वरूप :

आजच्या रचनेचे उदाहरण म्हणून स्वित्झर्लंड सोयीचे आहे. १९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर तेथील उच्च शिक्षण दोन टप्प्यांत विभागले गेले. जॅझमधील पहिली पदवी तीन वर्षांची, १८० श्रेयांकांची असते. अध्यापनाची खरी पात्रता मात्र त्यानंतरच्या दोन वर्षांच्या, १२० श्रेयांकांच्या संगीत-अध्यापनशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीने मिळते. एका श्रेयांकासाठी २५ ते ३० तासांचे काम धरले जाते. म्हणजे दुसऱ्या टप्प्यातच किमान ३००० तास.

प्रवेशासाठी कागदोपत्री गुण पुरत नाहीत. उमेदवाराला सहवादकांसह वाजवून दाखवावे लागते, त्यात उत्स्फूर्त वादन असते. श्रवणाची व सिद्धांताची चाचणी होते. अध्यापनाकडे जाणाऱ्यांची स्वतंत्र मुलाखत घेतली जाते. पुढे मुख्य वाद्य, समूहवादन, स्वरसंवादशास्त्र, संयोजन, इतिहास, दुय्यम वाद्य म्हणून पियानो आणि त्यांच्या जोडीला अध्यापनपद्धती, मानसशास्त्र व प्रत्यक्ष अध्यापन असा क्रम असतो. विद्यार्थी प्रथम अनुभवी शिक्षकाच्या तासाला मागे बसून निरीक्षण करतो, मग त्याच्या देखरेखीखाली शिकवतो आणि शेवटी परीक्षकांसमोर पाठ घेतो. आपल्या बी. एड. मधील पाठाशी याचे साम्य उघड आहे. फरक असा की येथे समोर बहुधा एकच मूल असते आणि त्याच्या हातात वाद्य असते.

या शिक्षकाला काय अवघड जाते, याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. जॅझचा प्राण मानला जाणारा 'स्विंग' कागदावर लिहिता येत नाही. स्वरलिपीत दोन लागोपाठचे लघु स्वर समान कालावधीचे दिसतात. वाजवताना पहिला लांबतो, दुसरा आखडतो. किती लांबतो? फ्रीबर्ग व सुंडस्ट्रॉम यांनी नामवंत ड्रमवादकांच्या ध्वनिमुद्रणांवरून केलेली मोजणी २००२ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार हे प्रमाण संथ लयीत सुमारे ३.५ : १ पर्यंत जाते आणि अतिद्रुत लयीत जवळजवळ १ : १ होते. म्हणजे 'दोनास एक' असा जो सोपा नियम पाठ्यपुस्तकांतून दिला जातो, तो एका मर्यादित लयीपुरताच खरा. तबल्याचा विद्यार्थी बोल पाठ करूनही ठेक्याचे 'वजन' गुरूच्या हातावरूनच उचलतो, तसाच हा प्रकार आहे. म्हणून चांगला शिक्षक नियम सांगण्याआधी ध्वनिमुद्रण ऐकवतो, मुलाला तो आकृतिबंध तोंडाने म्हणायला लावतो, टाळीवर घेतो आणि मग वाद्याला हात लावू देतो. अध्यापनपद्धतीच्या तासाला या क्रमाचीच चर्चा चालते.

पॉप संगीताची अडचण :

जॅझला एव्हाना मान्यताप्राप्त रचनांचा संच, इतिहास आणि सिद्धांत लाभला आहे. पॉपचे तसे नाही. तेथे ध्वनिमुद्रण हीच मूळ संहिता असते आणि ती दर काही महिन्यांनी जुनी होते. लंडन विद्यापीठाच्या इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनमधील लूसी ग्रीन यांनी १४ लोकप्रिय संगीतवादकांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास २००२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. हे वादक आपल्या आवडीचे गाणे निवडून, ध्वनिमुद्रणावरून कानाने उतरवून, मित्रांच्या घोळक्यात, कोणत्याही ठरीव क्रमाशिवाय शिकले होते. त्यातील एक निरीक्षण अध्यापनाच्या पदवीसाठी कळीचे आहे. असे स्वतः शिकलेले वादकही दुसऱ्याला शिकवायला बसले, की बरेचदा आपली पद्धत बाजूला ठेवून सराव-पाठ व स्वरलिपीच्या रूढ मार्गाकडे वळत. आपण कसे शिकलो, हे शिक्षण म्हणून गणण्याजोगे आहे, असे त्यांना वाटतच नव्हते. ग्रीन यांच्या या विचारांना ब्रिटनमधील शाळांत २००३ साली सुरू झालेल्या 'म्युझिकल फ्यूचर्स' या उपक्रमातून प्रत्यक्ष रूप मिळाले. अध्यापनाच्या पदवीने भावी शिक्षकाला स्वतःच्या शिकण्याकडे अभ्यासविषय म्हणून पाहायला लावले, तर तिची उपयुक्तता निर्विवाद ठरते. केवळ आणखी एक परीक्षा म्हणून ती उभी राहिली, तर मुलाला मित्रांच्या गटात मिळते तेही ती हिरावून घेईल.

आक्षेप :

या शिक्षणावरील सर्वांत जुना आक्षेप एकसुरीपणाचा आहे. प्रत्येक कॉर्डला अमुक स्वरसप्तक अशी कोष्टके परीक्षेसाठी सोयीची असतात आणि म्हणूनच ती पसरली. परिणामी पदवीधरांचे वादन एका साच्यातले वाटते, अशी तक्रार ज्येष्ठ वादक करतात. आक्षेपात तथ्य आहे, पण दोष सर्वस्वी वर्गाचा नाही. १९७० च्या दशकात बर्कलीच्या परिसरात विद्यार्थ्यांनी जॅझ रचनांचा 'रिअल बुक' हा संग्रह हक्कधारकांच्या परवानगीविना तयार केला आणि चोरट्या प्रतींतून तो जगभर गेला. त्याची अधिकृत आवृत्ती २००४ सालीच निघाली. त्यातील चुकाही पिढ्यान्‌पिढ्या वाजवल्या गेल्या. पाठ्यक्रम नसतानाही साचा तयार होतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

चरितार्थाचा प्रश्न अधिक व्यावहारिक आहे. केवळ कार्यक्रमांवर उपजीविका होणारे वादक थोडे. बहुतेकांची स्थिर मिळकत शिकवण्यातूनच येते. या दृष्टीने स्वित्झर्लंडमध्ये २३ सप्टेंबर २०१२ रोजी झालेले सार्वमत लक्षणीय आहे. संगीतशिक्षणाला उत्तेजन देण्याची तरतूद संघराज्याच्या घटनेत (कलम ६७अ) करावी, या बाजूने ७२.७ टक्के मते पडली. तरीही संगीतशाळांतील अनेक नेमणुका अंशकालीन असतात आणि शिक्षकाला दोन-तीन शाळांत मिळून आठवडा भरावा लागतो. आपल्याकडील तासिका तत्त्वावरील अध्यापकांना हे चित्र परके वाटणार नाही.

मुंबई व गोव्याचा दुवा :

जॅझची परंपरा आपल्या परिसरातही नांदून गेली आहे. गोव्यातील चर्चच्या शाळांतून स्टाफ नोटेशन शिकलेले वादक १९३० च्या दशकापासून मुंबईच्या हॉटेलांतील वाद्यवृंदांत आणि पुढे चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणांत वावरले. ताजमहाल हॉटेलात टेडी वेदरफोर्ड यांच्यासारखे आफ्रिकी-अमेरिकन वादक होते. त्यांच्या संगतीत व ध्वनिमुद्रिकांवरून या मंडळींनी जॅझ आत्मसात केले. चिक चॉकलेट यांनी सी. रामचंद्र यांच्यासोबत केलेले काम सर्वश्रुत आहे. अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. या पिढीची वाचनाची तालीम चर्चच्या शाळेत झाली आणि जॅझची तालीम नोकरीत. दुसरी तालीम कोणीही लिहून ठेवली नाही. ती त्या वादकांबरोबरच बव्हंशी संपली.

आज मुंबई, पुणे व गोवा येथील विद्यार्थी लंडनच्या परीक्षा मंडळांच्या श्रेणी-परीक्षा देतात. त्यांत रॉक व पॉपच्या परीक्षाही आहेत. परंतु त्या वादनकौशल्य मोजतात. शिकवण्याचे प्रशिक्षण हा त्यांचा विषय नाही, आणि अशा परीक्षेची वरची श्रेणी मिळताच तरुण वादक शिकवण्या सुरू करतो. अध्यापनाच्या पदवीसाठी युरोपात जाऊ इच्छिणाऱ्याने एक बाब ध्यानात घ्यावी. जर्मन भाषिक प्रदेशांत वादनाच्या पदवीपेक्षा अध्यापनाच्या पदवीसाठी भाषेची अट साधारणतः अधिक कडक असते, कारण सरावाचे पाठ आठ-दहा वर्षांच्या स्थानिक मुलांना, त्यांच्या भाषेत, पहिल्याच वर्षापासून द्यावे लागतात.