जुनी ऑटोमॅटिक गाडी घाटात का अडते? गिअरबॉक्सचा दोष शोधण्याचा योग्य क्रम

गोव्याहून चोर्ला घाट चढून बेळगावला आणि तेथून वंटमुरी व तवंदी घाट ओलांडून निपाणी-कोल्हापूरकडे जाणारा मार्ग म्हणजे गाडीच्या गिअरबॉक्सची परीक्षाच. सपाट रस्त्यावर विनातक्रार धावणारी दहा-बारा वर्षांची ऑटोमॅटिक गाडी याच चढणीवर आपले दुखणे प्रथम उघड करते. इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही. गिअर बदलताना धक्का बसतो. लिव्हर ‘डी’मध्ये टाकूनही गाडी क्षणभर जागीच राहते. अशा वेळी ‘गिअरबॉक्स गेला’ असा निकाल फार लवकर दिला जातो. जुन्या गाडीचा गिअरबॉक्स उघडण्याचा खर्च काही वेळा गाडीच्या किमतीच्या जवळ जातो. म्हणूनच तो उतरवण्यापूर्वी दोष नेमका कुठे आहे, हे क्रमाने तपासणे मालकाच्या हिताचे ठरते.

प्रथम प्रकार ओळखावा

सगळ्या ऑटोमॅटिक गाड्यांतील यंत्रणा एकसारखी नसते. जुन्या मोठ्या गाड्यांत बहुधा टॉर्क कन्व्हर्टर असतो, तर काहींत पट्टा व पुलीवर चालणारी सीव्हीटी असते. 2014 मध्ये मारुती सेलेरिओपासून भारतात रुजलेली एएमटी ही मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच दाबण्याचे व गिअर बदलण्याचे काम तेथे ॲक्च्युएटर करतो. एएमटी गाडी चढावर ओढत नसेल, तर दोष बहुधा झिजलेल्या क्लच प्लेटमध्ये किंवा ॲक्च्युएटरमध्ये असतो. तेथे संपूर्ण गिअरबॉक्स बदलण्याचा सल्ला मिळाल्यास दुसरे मत घ्यावे.

तेलाची साक्ष

टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्समध्ये पंप तेलाला दाब देतो आणि व्हॉल्व्ह तो दाब योग्य क्लचकडे वळवतात. बेळगावच्या उद्यमबागेतील कारखान्यांत घडणाऱ्या हायड्रॉलिक व्हॉल्व्हमागचे शास्त्र तेच. तेल कमी झाले की दाब पडतो आणि क्लच घसरतात.

तेलाची पातळी गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीनेच तपासावी. बहुतेक नवे तेल लाल व पारदर्शक असते. ते गडद तपकिरी होऊन जळका वास येत असेल, तर क्लच प्लेटा जळत असल्याची शक्यता मोठी. दुधाळ गुलाबी रंग दिसल्यास रेडिएटरमधील कूलंट तेलात मिसळले आहे असे समजावे आणि गाडी चालवूच नये. तळाच्या चुंबकावर बारीक करडी भुकटी आढळणे स्वाभाविक आहे. धातूचे चमकते तुकडे मात्र आतील झीज दाखवतात.

विजेचे दोष

दुर्बल बॅटरी, सैल अर्थिंग किंवा पावसाळ्यात ओलावा शिरलेला कनेक्टर यांमुळेही संगणक गिअरबॉक्सला ‘लिंप मोड’मध्ये टाकतो, आणि गाडी एकाच गिअरमध्ये अडकते. स्कॅनरवर पी0700 हा कोड आला, तर त्याचा अर्थ केवळ ‘गिअरबॉक्सच्या नियंत्रणात बिघाड नोंदला आहे’ एवढाच. खरा दोष त्याच्यासोबतच्या दुसऱ्या कोडमध्ये दडलेला असतो. म्हणून कोड पुसण्याआधी सर्व लिहून घ्यावेत. इंजिनाचा तुटका माउंट किंवा खराब स्पार्क प्लगही गिअरबॉक्सच्या दोषासारखाच धक्का देतो, हेही ध्यानात असावे.

लक्षणांवरून निदान

सर्वच गिअर घसरत असतील, तर संशय तेल, फिल्टर वा पंपाकडे जातो. एकच गिअर घसरत असेल, तर त्या गिअरचा क्लच किंवा सोलेनॉईड तपासावा. सकाळी थंड असताना गिअर उशिरा लागतो व नंतर सुधारतो, तर रबरी सील कडक झाल्याची शक्यता असते. उलट, तापल्यावरच घसरत असेल, तर आतून दाब गळत असावा. स्थिर वेगात गाडी थरथरते आणि ब्रेकला पाय हलकेच टेकवताच थरथर थांबते, तर दोष बहुधा टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉक-अप क्लचमध्ये असतो. अखेरचा निर्णय मात्र दाबमापक लावूनच व्हावा.

घाटात बंद पडल्यास

चढणीवर ॲक्सिलरेटर दाबून गाडी तोलून धरू नये, ब्रेकच वापरावा. बिघडलेली ऑटोमॅटिक गाडी दोर बांधून टोचन करणे धोक्याचे आहे. इंजिन बंद असताना तेलाचा पंप फिरत नाही, पण चालक चाके आतील भाग फिरवत राहतात आणि ते तेलाविना झिजतात. चोर्ल्यातून गाडी खाली आणायची असल्यास चारही चाके उचलणारे वाहनच मागवावे.

गॅरेजमध्ये दुरुस्तीला होकार देण्यापूर्वी तेलाची स्थिती, स्कॅनरचे कोड आणि दाबाचे आकडे लेखी मागावेत. या तीन गोष्टी न पाहता ‘बॉक्स उतरवावा लागेल’ असे सांगितले जात असेल, तर तो अजून निदान झालेला दोष नव्हे, केवळ अंदाज होय. जुनी ऑटोमॅटिक गाडी विकत घेणाऱ्यांनीही हीच तपासणी व्यवहाराआधी करून घ्यावी, आणि शक्य झाल्यास गाडी एकदा घाट चढवून पाहावी.