रंगाची निवड आणि दंतोपचाराचे भय

दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेल्या लहान बालकाला आपले भय शब्दांत नीट सांगता येत नाही. म्हणून प्रश्नावलीऐवजी चित्रांचा आधार घेतला जातो. ब्युकॅनन व निव्हन यांची २००२ मधील पाच चेहऱ्यांची पट्टी त्यांपैकीच. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात मुलांनी प्रसन्न चेहऱ्यासाठी पिवळा, तर भयग्रस्त चेहऱ्यासाठी काळा रंग अधिक निवडला. तेवढ्यावरून चिकित्सालयाच्या भिंती पिवळ्या रंगविणे मात्र उतावीळपणाचे होय. रंग आवडणे निराळे आणि रंगाला अर्थ असणे निराळे. हा अर्थ बालक भाषेबरोबरच आत्मसात करते. मराठीत ‘तोंड काळे करणे’ निंदाव्यंजक खरे. पण दृष्ट लागू नये म्हणून त्याच बालकाच्या गालावर काजळाची तीट लावतात, आणि बोरन्हाणाला त्याला काळेच कपडे घालतात. उलट, घाबरलेला मनुष्य ‘पांढराफटक’ पडतो, आणि दंतवैद्याचा अंगरखा नेमका पांढरा! तेव्हा काळा खडू उचलणारे बालक खरोखर भ्यालेले आहे, की त्या चेहऱ्याला रूढ असलेला रंग ते केवळ देत आहे, हे एका चित्रावरून ठरत नाही. तेच चित्र त्याच्याकडून उपचारापूर्वी, उपचारानंतर आणि एरवी घरीही रंगवून घेतले, तरच तुलनेला आधार मिळेल.