उन्हाळ्यातील वनभ्रमण

सांताक्रूझच्या वेधशाळेने १४ एप्रिल १९५२ रोजी ४२.२ अंश सेल्सिअस तापमान नोंदविले. परंतु आमचा उन्हाळा दुःसह होतो तो केवळ उन्हाने नव्हे, दमट हवेने. अशा हवेत घाम लवकर वाळत नाही. आणि घाम वाळल्यावाचून शरीर निवत नाही. म्हणून सुटीत स्नेह्यासह बोरिवलीच्या रानातून कान्हेरीस जाताना आम्ही पहाटेच निघतो व भरपूर पाणी बरोबर नेतो. तेथील भिक्षूंनीही लेण्यांपाशी पोढी खोदून पावसाचे पाणी साठविले होते. सोबत्याची वाणी अडखळू लागली, भान सुटू लागले, तर तो उष्माघात समजावा. त्यास सावलीत निजवावे, ओल्या वस्त्राने अंग पुसून वारा घालावा व तत्काळ वैद्यकीय साह्य मागवावे. लेणी पुढील सुटीतही पाहता येतील.