आधी दाते मोजा

खोताच्या वाडीतल्या गल्ल्या अशा, की लाकडी व्हरांड्यांच्या घरांमधून स्कूटर नेतानाही समोरच्याला बाजूला व्हावं लागतं. चिखलात, दगडांत चढणाऱ्या पिकअपची गोष्ट इथून सुरू करणं विचित्र वाटेल. पण वाडीतून ऑपेरा हाऊसकडे पायी निघालं की मोटारींच्या सुट्या भागांची दुकानं लागतात, आणि पूर्वेला तीन-चार किलोमीटरवर माझगाव आहे. भारतातली जीप पहिल्यांदा जोडली गेली ती तिथे.

ती जोडणारी महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी 1945ची. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि 1948मध्ये पाटीवरचं मोहम्मद जाऊन तिथेही महिंद्रा आलं. 1947मध्ये अमेरिकेच्या विलीज कंपनीकडून 75 जीप सुट्या भागांच्या रूपात आल्या. 1949मध्ये माझगावात जोडणी सुरू झाली, आणि 1965पासून कंपनी हलकी मालवाहू वाहनंही बनवू लागली. जुने फोर बाय फोर पिकअप अनेकदा याच विलीज घराण्यातले निघतात: खाली जाड चॅसी, स्प्रिंगच्या पाट्यांवर टेकलेली एक्सलची दोन भरभक्कम हौसिंग, सगळं उघडं आणि पान्याने सुटणारं. मेकॅनिकला ही गाडी आवडते ती त्यामुळेच.

अशी गाडी हाती आली की मालकाच्या डोक्यात पहिला विचार येतो मोठ्या इंजिनाचा. हा विचार बहुतेक वेळा चुकीचा असतो. दगडांवरून जाताना वेग कामाचा नसतो. चाक सावकाश, पण न थांबता फिरायला हवं. घाट चढणारा सायकलस्वार गिअर हलका करतो, पाय बदलत नाही.

हिशेब सोपा आहे. सीजे 3 बी या जीपच्या तीन गिअरांच्या गिअरबॉक्सचा पहिला गिअर 2.80चा, पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या ट्रान्सफर केसमधला ‘लो’ 2.46चा आणि हौसिंगमधल्या क्राऊन-पिनियनचं प्रमाण 5.38. तिन्हींचा गुणाकार सुमारे 37. म्हणजे इंजिन 37 वेळा फिरेल तेव्हा चाक एकदा फिरणार. 28 इंची टायर आणि मिनिटाला 700 फेऱ्यांचं आयडलिंग धरलं, तर ॲक्सिलरेटरला पाय न लावता गाडी ताशी अडीच किलोमीटरने सरकते, माणसाच्या चालीपेक्षाही हळू. सत्तर-पंचाहत्तर अश्वशक्तीचं इंजिन जे चढ चढायचं, त्याचं श्रेय या गुणाकाराला. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबी जीपमध्ये हाच गुणाकार जेमतेम 26 होता.

आता याच गाडीला रुबाबासाठी 33 इंची टायर घातले की 37चे व्यवहारात साडेएकतीस होतात. चाक मोठं झालं, प्रत्येक फेरीत गाडी जास्त पुढे जाते, इंजिन दमतं आणि ड्रायव्हर अर्ध्या क्लचवर चढ काढू लागतो. थोड्याच दिवसांत क्लच प्लेट जळल्याचा वास येतो. टायरने घेतलेलं हे गिअरने परत द्यावं लागतं.

ते देण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे क्राऊन-पिनियन बदलणं. दुकानदार ‘गाडी कोणती’ विचारेल, पण जुन्या गाडीचं हौसिंग आधीच कुणी बदललेलं असू शकतं, म्हणून उघडून दाते मोजलेले बरे. क्राऊनला 43 आणि पिनियनला 8 असतील तर प्रमाण 5.38; 39 आणि 8 असतील तर 4.88. आकडा मोठा तितकी ओढ जास्त, पण त्यासाठी बहुधा पिनियन लहान करावं लागतं आणि ते नाजूक होतं. शिवाय पुढचं आणि मागचं प्रमाण एकच हवं. ते वेगळं ठेवून फोर बाय फोर टाकलं, तर दोन्ही हौसिंग एकमेकांशी झगडतात आणि सर्वांत कमजोर भाग आधी तुटतो. ज्या गाडीत 5.38 आधीच आहे, तिथे मग ट्रान्सफर केसच्या ‘लो’कडे किंवा खोल पहिल्या गिअरच्या गिअरबॉक्सकडे वळावं लागतं. किंवा टायरची हौस आवरावी, जे सर्वांत स्वस्त.

रिकाम्या पिकअपची आणखी एक खोड: मागचा हौदा हलका असतो. मागचं एक चाक उचललं गेलं की साधं डिफरन्शियल त्याच चाकाला गरगरवतं आणि जमिनीवरचं चाक ढिम्म राहतं. लॉक बसवलं की दोन्ही चाकं एकत्र फिरतात. महिंद्राच्याच थारला 2010मध्ये बाजारात आल्यावर मागे यांत्रिक लॉक मिळायला 2015 उजाडलं. जुन्या गाडीला ते बाहेरून बसवावं लागतं. पण लॉक लागल्यावर सगळा जोर एकाच एक्सलवर येऊ शकतो, म्हणून एक्सल आणि प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट क्रॉस आधी तपासायचे.

कायद्याचं दार याआधीच ठोठावायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलांशी न जुळणारे बदल चालत नाहीत आणि जानेवारी 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. परवानगी नसलेल्या बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड होऊ शकतो. त्यात मालवाहू पिकअपला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतो, म्हणजे मोठे टायर इन्स्पेक्टरच्या नजरेतून सुटणं कठीण. आधी आरटीओत विचारावं, मग पाना उचलावा.

आणि पावसाळ्यात इगतपुरी-लोणावळ्याकडे ओढ्यात गाडी घालायची असेल, तर हौसिंगच्या ब्रीदरला, म्हणजे हवेच्या छिद्राला, रबरी नळी जोडून ती वर, बॉनेटच्या उंचीपर्यंत न्यावी. तापलेलं हौसिंग थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी खेचलं जातं. घरी परतल्यावर प्लग उघडून बोटाने तेल पाहावं; दुधाळ दिसलं तर त्याच दिवशी बदलावं.