भट्टीचा धाक, बॅटरीचा विसर

म्हादबा मेस्त्रींसारख्या कारागिराने कोल्हापुरात ऑईल इंजिन घडवले. वाय. पी. पोवार यांच्या पिढीने उद्यमनगराला आकार दिला. पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगल्याच्या पंचतारांकित वसाहतीपर्यंत हा उद्योगांचा पसारा वाढत गेला. आज जिल्ह्यात तीनशेच्या आसपास फौंड्री आहेत आणि ट्रक, ट्रॅक्टर, पंप यांची कास्टिंग्ज इथून देशभर जातात.

या फौंड्रीत सुरक्षेचे एक जुने शहाणपण आहे आणि ते आजही जिवंत आहे. लोखंडाचा रस ओतायच्या आधी लाडल, म्हणजे ओतायचे भांडे, तापवून कोरडी करायची. भट्टीत ओले भंगार टाकायचे नाही, दोन्ही टोकांनी बंद असलेली नळी तर मुळीच नाही. लोखंडाचा रस चौदाशे अंशांच्या आसपास असतो. त्याच्याखाली पाणी अडकले, की त्याची क्षणात वाफ होते आणि ती मूळ पाण्याच्या सोळाशे पटींहून अधिक जागा मागते. मग रस उसळतो. हे गणित न शिकलेला मेस्त्रीही नियम मोडणाऱ्या पोराला असा झापतो, की तो जन्मभर विसरत नाही. भट्टी लाल दिसते, तिची धग तोंडावर येते, म्हणून तिचा धाक पिढ्यान् पिढ्या पोचला.

त्याच शेडच्या कोपऱ्यात चार्जिंगला लावलेली फोर्कलिफ्टची बॅटरी मात्र थंड आणि गप्प असते. डिझेलचा धूर शेडमध्ये नको म्हणून बॅटरीवरचे फोर्कलिफ्ट आले आणि ते चांगलेच झाले. पण या बॅटरीची शिकवण मेस्त्रीला त्याच्या उस्तादाकडून मिळालेली नाही. माझी काळजी नेमकी तिथे आहे.

दोन व्होल्टचे चोवीस सेल जोडले, की अठ्ठेचाळीस व्होल्टची बॅटरी होते. शिसे, आम्ल आणि लोखंडी पेटी मिळून तिचे वजन कित्येकदा टनाच्या घरात जाते. हे वजन फुकट नाही. पुढच्या काट्यांवर माल उचलताना गाडी उलटू नये, म्हणून मागच्या बाजूला तेच तोल धरते. त्यामुळे बदलताना हलकी बॅटरी बसवली, तर पैसे वाचतात आणि गाडीचा तोल जातो. गाडीच्या पाटीवर बॅटरीचे किमान वजन लिहिलेले असते. ते वाचल्याशिवाय बॅटरी बदलू नये.

ती उचलायची तऱ्हाही वेगळी आहे. एकाच हुकाला साखळीची दोन टोके तिरकी बांधून ओढली, तर पेटी आत दबते आणि सेल तडकतात. त्यासाठी आडवी तुळई लागते, म्हणजे दोन्ही हुक सरळ वर ओढतात. वर रबरी चटई टाकायची, कारण लोंबणारी साखळी दोन टर्मिनलांना टेकली तर ठिणग्यांचा पाऊस पडतो. अठ्ठेचाळीस व्होल्टचा झटका माणसाला फारसा जाणवत नाही, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण पाना आडवा पडला तर त्यातून हजारो अँपिअर वाहतात, पाना लाल होतो आणि बोटातली अंगठी हाडापर्यंत भाजते. अंगठी, घड्याळ आणि हातातले कडे काढूनच काम करावे.

चार्जिंगच्या शेवटी सेलमधून हायड्रोजन निघतो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले, की एक ठिणगी पुरते. हा वायू हलका असल्याने छताखाली साचतो, म्हणून झरोका वरच हवा. चार्जर बंद केल्याशिवाय क्लिप ओढायची नाही. विडी तर त्या बाजूला न्यायचीच नाही. पाणी घालायचे ते चार्जिंग झाल्यावर. आधी काठोकाठ भरले तर आम्ल उतू जाते. डोळ्यात शिंतोडा उडाला, तर वाहत्या पाण्याने निदान पंधरा मिनिटे डोळा धुवायचा आणि मगच दवाखान्याची वाट धरायची. तेल, तूप, दूध यातले काहीही लावायचे नाही.

लहान बॅटऱ्यांत धोका पाठीला असतो. घरच्या इन्व्हर्टरची दीडशे अँपिअर-तासांची बॅटरी आम्लासकट पन्नास-साठ किलो भरते. कोल्हापूर तालमींचे गाव. इथल्या पोरांना एकट्याने वजन उचलण्याचा अभिमान असतो आणि तो मला आवडतोही. पण तालमीतही उस्ताद पोराला आधी बैठक शिकवतो, कंबरेतून वाकून झटका देऊ देत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 मध्ये एका प्रौढ पुरुषाने वाहायच्या ओझ्याला पंचावन्न किलोंची मर्यादा सुचवली होती. आपल्या 1948 च्या कारखाने अधिनियमातही इजा होईल इतके वजन कामगाराला उचलायला लावू नये, असे कलम होते. तेव्हा बॅटरी दोघांनी उचलावी, नाहीतर ढकलगाडी घ्यावी.

कायद्याचा हात मात्र आखूड पडतो. जुन्या अधिनियमात सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती हजार कामगारांपासून पुढे होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार सुरक्षा संहितेत हा आकडा पाचशेवर आला, धोकादायक प्रक्रियांसाठी अडीचशेवर. कोल्हापूरच्या बहुतेक फौंड्री यापेक्षा कितीतरी लहान आहेत. तिथे सुरक्षा अधिकारी म्हणजे पाळीचा मेस्त्री आणि मालक, दुसरे कोणी नाही. शिसे कपड्यांवरून घरी लेकरांपर्यंत जाते, म्हणून जेवणाआधी साबणाने हात धुवायला आणि कामाचे कपडे कारखान्यातच ठेवायला सांगायचे, तेही त्यांनीच. जुनी बॅटरी कुठल्याही भंगारवाल्याला न देता बॅटऱ्यांचे संकलन, नूतनीकरण किंवा पुनर्वापर करणाऱ्या संस्थेकडेच द्यावी, हे 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनी बंधनकारक केले आहे. त्याचीही जबाबदारी त्यांच्यावरच येते.

म्हणून कारखानदारांना एक विनंती. उद्या पाळी सुरू होताना चार्जिंगच्या कोपऱ्यात जा. हाताच्या अंतरावर नळ आहे का, त्याला पाणी येते का, छताजवळ झरोका उघडा आहे का, पान्याच्या मुठी रबरी आहेत का, ते बघा. मग सगळ्यात नव्या पोराला विचारा, ‘डोळ्यात ॲसिड उडालं तर काय करशील?’ त्याला उत्तर आले नाही, तर ते शिकवून होईपर्यंत त्याला बॅटरीला हात लावू देऊ नका.