पोटाला चिमटा काढून

केनिया, इथिओपिया, सोमालियाच्या रखरखीत माळांखाली एक उंदीर राहतो. अंगावर केस नावाला, कातडी गुलाबी नि सुरकुतलेली, डोळे असून नसल्यासारखे. 'नेकेड मोल रॅट' म्हणजे नागडा उंदीर. हा जमीन पंजांनी नव्हे, दातांनी खणतो. ओठ दातांच्या मागे मिटतात, त्यामुळे माती घशात जात नाही. एका बिळात सत्तर-ऐंशी जण. पिल्ले मात्र एकट्या राणीलाच.

एवढ्या गर्दीत हवा कोंदणारच. २०१७ मध्ये 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हे उंदीर ऑक्सिजनविना १८ मिनिटे तगले. प्रयोगशाळेतले साधे उंदीर मिनिटभरातच गेले. नागडा उंदीर निपचित पडतो, त्याचे हृदय मंदावते आणि मेंदू ग्लुकोज सोडून फ्रुक्टोजवर भागवतो. हवा मिळाली की स्वारी पुन्हा कामाला!

पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याला असे पडून राहण्याची सोय नाही. अलास्कात वीण आटोपली की तो थेट न्यूझीलंड गाठतो. २००७ मध्ये 'ई-७' या मादीने हे साडेअकरा हजार किलोमीटर सुमारे आठ दिवसांत कापल्याचे उपग्रहाने टिपले. २०२२ मध्ये जेमतेम पाच महिन्यांचा एक पक्षी ११ दिवसांत १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियात उतरला. वाटेत दाणा नाही, पाणी नाही, समुद्रावर बसून विसावा नाही.

निघण्यापूर्वी तो चिखलातले किडे-शिंपले इतके खातो की निम्मे वजन चरबीचेच होते. मग आतडी, पेषणी, यकृत आक्रसतात. वाटेत खायचेच नाही, तर पचनाचा संसार कशाला वाहायचा? पोटाला चिमटा काढतो तो अक्षरशः.

चिवटपणात माझे मत पाणटिवळ्याला. पण धोकाही त्यालाच जास्त. उंदराला कंद बिळातच मिळतात; या पक्ष्याला परतीच्या वाटेवर पीत समुद्राकाठचा चिखल लागतो आणि तिथला बराचसा भाग भराव घालून बुजवला गेला आहे.

याच जातीचे, पण उत्तर रशियाकडून येणारे पक्षी हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावरही दिसतात. ओहोटीला दुर्बीण घेऊन खाडीवर जा. चोच लांब नि किंचित वर वळलेली, उडताना शेपटीवर पट्टे दिसले, तर तोच.